एकोणतीस

काचेमागच्या बाईने "इकत्तीस नंबर!" असा पुकारा केला आणि चंद्रहास खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर चव्वेचाळीस लिहिलं होतं, आणि ते त्याने बसल्यापासून तीनदा वाचलं होतं. तरीही तो उभा राहिला, आणि नुसता उभा राहिला नाही, तर "नाही, नाही" असं मराठीत मोठ्याने म्हणाला. पॅथॉलॉजीच्या त्या अरुंद खोलीत सकाळी साडेसातला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली पंधरा-वीस माणसं होती. त्यांना तेवढाच विरंगुळा. सगळ्यांनी माना वळवल्या. "बैठिए अंकल, आपका नंबर नहीं है," खरा इकत्तीस नंबरवाला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला आणि शर्टाची बाही वर करत आत गेला. चंद्रहास बसला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. चोपन्न वर्षांचा माणूस, एकवीस वर्षं लखनौत काढलेली, आणि एका साध्या आकड्याने त्याला शाळेतल्या मुलासारखं उठवून उभं केलं होतं. शेजारी बसलेल्या वसुधाने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही, पण तिचा हात त्याच्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. बायकोला सगळं कळतं ही गोष्ट एरवी बरी असते. त्या सकाळी त्याला ती नकोशी झाली.

इकत्तीस म्हणजे एकतीस. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. भाजीवाल्याकडून, बसच्या कंडक्टरकडून, शाळेच्या फॉर्मवरून, हजारदा ऐकलेला शब्द. हिंदीत एकोणतीसला उनतीस म्हणतात हेही त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण त्याच्या तोंडातला एकोणतीस कऱ्हाडकडचा होता. त्यांच्या घरी कुणीच तो पुरा उच्चारत नसे. मधला ण गिळून, एकुंतीस, असा काहीतरी घाईचा आवाज काढत. वडील, काका, गल्लीतला न्हावी, सगळे तसेच. आणि तो गिळलेला ण मंगळवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी, विमानतळावरच्या, विमानांना वाट दाखवणाऱ्या त्या अंधाऱ्या थंडगार खोलीत, हिंदीत वाढलेल्या एका मुलीच्या कानावर पडला, तेव्हा तो इकत्तीस झाला होता. एवढंच घडलं होतं. एवढंच, असं तो चार दिवस स्वतःला सांगत होता.

खिशातला फोन थरथरला. पडद्यावर अंतरा. त्याने तो तळहातात धरला, वाजू दिला, बंद होऊ दिला. चार दिवसांतला हा तिचा नववा फोन. मंगळवारच्या घटनेची चौकशी संपेपर्यंत संबंधितांनी आपसात बोलू नये, असं दोघांनाही लेखी मिळालं होतं आणि चंद्रहासने त्या कागदाचा फार चांगला उपयोग केला होता. नियम असला की माणसाला भित्रेपणाची लाज वाटत नाही. खरं तर त्याला तिचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती.

"घे ना रे तो फोन," वसुधा हळूच म्हणाली. "पोरगी वेडी झाली असेल."

"बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"सांगितलंय म्हणे. तू काय बोलतोयस, ती काय बोलतेय, एकमेकांना ठाऊक नको? आज बारा वाजता चौकशीला जायचंय तुला."

"मी खरं तेच सांगणार आहे. खरं सांगायला विचारावं लागत नाही."

वसुधा वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काम करायची. रोपाला पाणी जास्त झालं की कमी, हे पान बघून सांगायची. नवऱ्याकडे तिने तसंच एकदा पाहिलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेली.

अंतरा पिसाळ. दोन वर्षांपूर्वी ट्रेनिंग संपवून आली तेव्हा पाटीवरचं आडनाव वाचून त्याला कोण आनंद झाला होता! वडील माणिकराव वाई तालुक्यातले, एअरफोर्समधून रिटायर होऊन इथेच विकास नगरमध्ये घर बांधून राहिलेले. पोरीचा जन्म इथला, शाळा इथली, भांडणं इथली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. "सर काय म्हणतेस, काका म्हण," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तिने "अच्छा काका, ठीक है" म्हणून ते मान्य केलं. त्यानंतर त्याला चाळाच लागला. चहाच्या टेबलावर तिला आकडे विचारायचे. पंचावन्न म्हण. सदुसष्ट म्हण. "यार काका, ये सब नहीं होता मुझसे," म्हणून ती हसायची. आणि तो सगळ्यांसमोर म्हणायचा, पिसाळांची लेक आणि हिला साधे आकडे येईनात, माणिकरावांना सांगायला पाहिजे. ती हसायची खरी, पण एकदा तिचा चेहरा पडलेला त्याने पाहिला होता. पाहिला होता आणि सोडून दिला होता. स्वतःचा मुलगा प्रसन्न हैदराबादहून फोनवर हिंदी-इंग्रजीतच बोलायचा. त्याला चिडवायची सोय नव्हती, तो फोन ठेवून द्यायचा. या मुलीवर मात्र हक्क चालवता येत होता. ऑफिसात वीसजणांत आपल्या भाषेतलं एक माणूस मिळणं ही काय चैन असते, हे परगावी राहिल्याशिवाय कळत नाही. हळूहळू तो तिच्याशी फक्त मराठीतच बोलू लागला. कामावरसुद्धा. विमानांशी बोलायचं ते इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत, एकेक आकडा सुटा करून: टू, नाइन, झिरो, म्हणजे एकोणतीस हजार फूट. ते आकडे असे सुटे का म्हणायचे हे तोच नव्या मुलांना शिकवायचा. माणसाचा कान आळशी असतो, तो अर्धं ऐकतो आणि अर्धं आपल्या मनाचं घालतो, असं त्याचं आवडतं वाक्य होतं. हे वाक्य तो फार ऐटीत म्हणायचा.

चव्वेचाळीस नंबर आला. आत सुई टोचणाऱ्या बाईला शीर सापडेना. तिने दंडाला रबर बांधून मूठ आवळायला सांगितली आणि तो आवळून बसला, आणि पुन्हा तो मंगळवार सुरू झाला. पडद्यावर बारीक ठिपके, प्रत्येकाशेजारी नाव आणि उंची. पश्चिमेकडून आलेलं एक विमान वर चढत होतं, पूर्वेला जाणार होतं. पूर्वेकडच्या केंद्रातून हॉटलाइनवर फोन आला होता: याला एकोणतीस हजार फुटांवरच ठेवा, एकतीस हजारावर आमचं एक आडवं येतंय. त्याने इंग्रजीत नीट कबूल केलं, ते टेपवर आहे. विमानाला तसं सांगितलंही. समोरच्या पट्टीवर, त्या विमानाच्या कागदी पट्टीवर, आकडा लिहायला पेन उचललं, आणि मागे अंतरा येऊन उभी राहिली. त्याची पाळी संपली होती, तिची सुरू होत होती. खुर्ची सोडताना सगळं काही नव्या माणसाला सांगायचं, त्याने ते परत म्हणून दाखवायचं, मग उठायचं. चाळीस सेकंदांचं काम. त्याने चारही विमानं सांगितली. शेवटचं ते. "हे पूर्वेचं, एकोणतीस. तेवढं लिही पट्टीवर." आणि अंतरा हेडफोन कानाला लावत, खुर्चीत सरकत म्हणाली, "बरं काका. इकत्तीस."

बरं काका. दोन वर्षांत पहिल्यांदा मराठीत. चंद्रहासच्या छातीत काहीतरी लख्ख झालं होतं. त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, "हो, शाब्बास" म्हटलं, आणि चहाला गेला.

"मुट्ठी खोल दीजिए," बाई म्हणाली. लहानशा नळीत रक्त काळपट दिसत होतं. मूठ उघडायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. कारण मघाशी काचेमागून तो शब्द आला तेव्हापासून त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. चार दिवस त्याने असं धरलं होतं की आपल्याला तिचं परत म्हणणं नीट ऐकूच आलं नाही. ते खोटं होतं. ऐकू आलं होतं. इकत्तीस हा शब्द त्याच्या कानात त्या खोलीतल्या एसीच्या घरघरीसकट जसाच्या तसा होता. त्याने तो ऐकला, आणि त्याआधीच्या दोन शब्दांनी तो इतका हरखला की हा पुढचा शब्द त्याने वाऱ्यावर सोडला. आळशी कान तिचा नव्हता.

पुढचं त्याने पाहिलं नाही, ऐकलं. अंतराने पट्टीवर तीनशे दहा लिहिलं, म्हणजे एकतीस हजार. विमान एकोणतीसवर थांबलेलं पाहून तिला वाटलं याला पुढे चढायला सांगायचं राहिलंय, आणि तिने सांगितलं. आडवं येणारं तोपर्यंत जवळ आलं होतं. दोन्ही विमानांतल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रांनी आपणहून ओरडून एकाला वर आणि एकाला खाली ढकललं. उभ्या अंतरात तीनशे फूट उरले होते. खाली गेलेलं विमान इतक्या झटक्याने गेलं की मधल्या वाटेवर चहाची गाडी ढकलणारी हवाई सेविका छतावर आपटली आणि गाडी तिच्यावर आली. ते विमान लखनौलाच उतरवलं. चंद्रहास कॅन्टीनमधून धावत आला तेव्हा व्हरांड्याच्या खिडकीतून अँब्युलन्स दिसत होती आणि स्ट्रेचरवर एक जांभळा गणवेश. तेवीस वर्षांची मुलगी, देवयानी नावाची. कमरेखाली तिला अजून काही जाणवत नव्हतं, आणि डॉक्टर 'अजून' हा शब्द आता वापरत नव्हते. अंतराला खुर्चीवरून उठवलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि त्याला पाहून एवढंच म्हणाली, "काका, आपने इकत्तीस ही बोला था ना?" तिथे सहा माणसं होती. तो म्हणाला, "आता बोलू नकोस. लिहून द्यायला लागेल." यात खोटं काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याने लिहून दिलं: दहा बाराला माहिती देऊन खुर्ची सोडली. यातही खोटं काही नव्हतं. टेपवर त्याचं इंग्रजी होतं, पट्टीवर अंतराचं अक्षर होतं, आणि खोलीतलं बोलणं टिपणारा माईक दोन आठवड्यांपासून दुरुस्तीला गेलेला होता. त्या चाळीस सेकंदांचे साक्षीदार दोनच.

घरी येऊन त्याने अंघोळ केली, वसुधाने केलेले पोहे अर्धे खाल्ले, इस्त्रीचा शर्ट घातला. महानगर मोहल्ल्यातल्या घरून गाडी काढली तेव्हा त्याचं ठरलं होतं. सगळं सांगायचं. मराठीत बोललो हे सांगायचं, तिने इकत्तीस म्हटलेलं ऐकलं हेही सांगायचं. एकदा ठरल्यावर, चारबाग स्टेशनच्या चौकात गाड्या अडकल्या तरी तो चक्क बऱ्या मनाने बसला होता. रिक्षावाले एकमेकांची आईबहीण काढत होते, हमाल डोक्यावर तीन-तीन बॅगा घेऊन गाड्यांमधून वाट काढत होते. त्याने मनातल्या मनात वाक्यं जुळवली. आधी मराठीत जुळवली, मग हिंदीत, मग इंग्रजीत. "शी इज नॉट टु ब्लेम." हे वाक्य त्याला फार आवडलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. माणिकराव नंतर घरी येतील, हात हातात घेतील, असंही एक चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. फोन पुन्हा थरथरला, दहाव्यांदा. त्याने पाहिलं आणि या वेळी त्याला भीतीही वाटली नाही. तासाभरात कळेलच तिला, तोंडाने सांगण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं, असा एक थोर विचार त्याने केला आणि फोन पालथा घातला.

चौकशीची खोली ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर होती, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि प्लायवूड लावून मोठ्या हॉलमधून काढलेली. बाहेर बाकावर अंतरा बसली होती. पांढरा कुर्ता, केस घट्ट बांधलेले, चार दिवसांत गळ्याची हाडं वर आलेली. ती उठू लागली तेवढ्यात शिपायाने त्यालाच आधी आत बोलावलं. त्याने तिच्याकडे पाहून मान हलवली, काळजी करू नकोस अशा अर्थाने. तिनेही तशीच हलवली.

दिल्लीहून आलेले अधिकारी त्याच्याच वयाचे होते, शांत, चष्मा कपाळावर सरकवलेला. टेबलावर रेकॉर्डर होता, त्याचा लाल दिवा लागलेला. "आराम से बोलिए," ते म्हणाले, आणि चंद्रहास बोलला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य वेळेवर आलं नाही, पण गोष्ट सगळी आली. मराठी, ण, इकत्तीस, बरं काका, टपली. मैंने सुना था, असंही तो म्हणाला. दोन वर्षं मीच तिला मराठीत बोलायला लावलं, चूक माझी आहे, तिची नाही. बोलून झाल्यावर अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास त्याच्याजवळ ठेवला. त्याला वाटलं, माणूस हेलावला असावा.

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला, फाईलमधून एक कागद काढला आणि त्याच्यापुढे सरकवला. "फिर ये क्या है?"

अंतराचं अक्षर. वळणदार इंग्रजी, परवाची तारीख, खाली सही. ब्रीफिंग इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत मिळालं. मला टू नाइन झिरो असंच सांगितलं गेलं आणि मी ते तसंच ऐकलं. परत म्हणतानाही बरोबर म्हटलं. पट्टीवर लिहिताना चूक माझ्या हातून झाली.

"उसने मुझे बचाने के लिए..." तो म्हणाला.

"वो तो मैं समझ रहा हूँ," अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "देखिए साहब. लिखने में गलती हो गई, ऐसा होता है. कुछ महीने की ट्रेनिंग, दोबारा इम्तिहान, फिर वापस कुर्सी पर. सुबह तक मैं यही लिखने वाला था. लेकिन झूठा बयान? जाँच में? उसके बाद इस काम में कोई नहीं लेता. उम्र क्या है उसकी, छब्बीस?" त्यांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. "आपको तो चेतावनी मिलेगी. कहीं दफ़्तर में बिठा देंगे. आप लोगों ने आपस में बात तो नहीं की?"

"नहीं."

"हाँ. नियम तो यही है."

चंद्रहासने टेबलाची कड धरली. माझं बोलणं काढून टाका, असं काहीतरी तो हिंदीत म्हणाला, मी गोंधळलो होतो, इंग्रजीतच सांगितलं होतं मी. अधिकाऱ्यांनी फक्त रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "एक रास्ता है. मैं उससे पूछूँगा कि बयान बदलना है क्या. खुद से बदल दे, तो मैं लिख सकता हूँ कि घबराहट में लिखा था. आपसे कुछ सुने बिना बदले, तब." ते उठून दारापर्यंत आले. दहा फोन. दहांतला एकही घेतला असता तर तिने हेच सांगितलं असतं, काका, मैंने ऐसा लिख दिया है, आप भी वही बोलना. आणि तो म्हणाला असता, नको गं, मी खरं सांगणार आहे, तूही जा आणि बदल. अर्ध्या मिनिटाचं काम. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं: आपण कुठल्या उंचीवर निघालो आहोत ते दुसऱ्याला आधी सांगायचं.

बाहेर अंतरा उभीच होती. ती दोन पावलं पुढे आली आणि घाईघाईने, पाठ करून आल्यासारखं, एकही शब्द हिंदीचा न घालता म्हणाली, "काका, तुम्ही काळजी करू नका. मी सगळं लिहून दिलंय. तुमचं नाव कुठेच येणार नाही. मला आकडे येत नाहीत, त्यात तुमची काय चूक?" तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर एक लहानसं समाधान होतं. एवढी मराठी ती सलग कधी बोलली नव्हती, आणि ती अगदी शुद्ध होती.

"अंतरा," तो म्हणाला.

"आपस में बात नहीं, प्लीज़," अधिकारी त्याच्या पाठीमागून म्हणाले. "आओ बेटा, अंदर आओ."

शिपायाने त्याचा दंड धरला, सकाळी रबर बांधलं होतं नेमका तिथेच. नुसता हलकेच धरला होता. झटकला असता तर सुटला असता. एक शब्द पुरला असता. बदल, एवढाच. तो सगळ्या जिन्यावर ऐकू गेला असता आणि अधिकाऱ्यांनाही ऐकू गेला असता, आणि मग तोही रस्ता बंद झाला असता. की झाला नसता? माणूस भला होता, कानाडोळा केला असता त्याने. की नसता केला? चंद्रहास हिशोब करत उभा राहिला, आणि ती त्याच्या बाजूने आत गेली. प्लायवूडच्या पलीकडे खुर्ची सरकली. पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज आला. आतलं प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येत होतं.

"ये तुम्हारा बयान है?"

"जी सर."

"आराम से सोच लो. कोई जल्दी नहीं है. इसमें कुछ बदलना है?"

"नहीं सर," अंतरा म्हणाली. "कुछ नहीं बदलना."